चुन्याखालून घोडा निघाला, आता काय करायचं?

बडोद्याच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. रावपुऱ्यामागच्या एका पोळमध्ये (जुन्या दाट वस्तीच्या गल्लीत) सासरचं जुनं घर आहे, शंभर वर्षांच्या वरचं. दिवाळीआधी रंगकाम काढलं. माडीवरच्या खोलीत रंगारी पत्र्याने पोपडे खरवडत होता, तेव्हा चुन्याखालून आधी हिरवा डाग आणि मग घोड्याचा पाय आणि लाल झुलीची कड दिसली. रंगारी म्हणतो, पाण्यात थोडं ॲसिड घालून धुतलं की तासाभरात सगळं चित्र बाहेर येईल. दीर म्हणतात, गवगवा नको, सरकार घर ताब्यात घेईल, पुट्टी मारून मोकळे होऊ. सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा भिंतीच्या वरच्या कडेला वेलबुट्टी दिसायची, बाकी सगळा चुना होता, एवढं त्यांना आठवतं. ताई विचारतात: चित्र उघडायचं कसं, कळवायचं कोणाला, आणि दिवाळीपर्यंत होईल का?

ताई, आधी त्या खोलीतलं काम थांबवा. रंगाऱ्याला खालचं स्वयंपाकघर द्या, जिना द्या, पण माडीवरच्या त्या भिंतीला आता पत्रा, पॉलिश पेपर, ओलं फडकं यातलं काही लागता कामा नये. पलीकडच्या खोलीतूनही त्या भिंतीत खिळा ठोकू देऊ नका, हादरा इकडे पोचतो. एवढं करा आणि मग पुढचं वाचा.

मी गेली सव्वीस वर्षं भित्तिचित्रं जतन करण्याचं काम करते, बरंचसं बडोद्यातल्या आणि आसपासच्या मराठी घरांमधून. तुम्ही चित्र उघडायचं कसं असं विचारलंय, पण तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला घोड्याच्या आधी पोपडे दिसले. ते खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरके खाली उतरत आलेत आणि त्यांच्या कडेला तपकिरी रेघ आहे. म्हणजे वरून पाणी येतंय. खरा प्रश्न हा आहे. चित्र चुन्याखाली साठ-सत्तर वर्षं, कदाचित त्याहून जास्त, नीट राहिलंय. ते अजून सहा महिने राहील. पाणी मात्र सहा महिने थांबणार नाही.

पाणी आणि चित्र यांचं नातं नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर आहेत. भिंतीत शिरलेलं पाणी विटांतले आणि मातीतले क्षार विरघळवून सोबत आणतं. पृष्ठभागाशी येऊन पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक होतात आणि फुगतात. ते फुगताना समोर जे असेल ते ढकलून पाडतात. आपण म्हणतो ना भिंतीला लोणा लागला, ते हेच. आज तुमच्या भिंतीवर चुन्याचे आठ-दहा हात असतील, तर हे फुगणं बहुतेक त्या चुन्यात होतंय. म्हणून चुना पडतोय आणि चित्र मागे शिल्लक आहे. तुम्ही चुना काढला की पाणी उडून जाण्याची जागा थेट चित्राचा रंग होईल. मग चुन्याऐवजी घोडा पडेल.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. स्वतंत्रपणे काम सुरू केल्यावर दुसऱ्याच वर्षी, बडोद्याजवळच्या एका गावात, एका कुटुंबाने मला बोलावलं. घरात लग्न होतं, पाहुण्यांना चित्र दाखवायचं होतं. मी साधारण चार फूट बाय तीन फूट भाग उघडला. गणपती आणि दोन्ही बाजूंना चवऱ्या ढाळणाऱ्या बायका, फिकट गुलाबी अंगरंग, हिरव्या चोळ्या. बघायला अख्खी गल्ली लोटली. छत गळतंय हे मला दिसत होतं. लग्नानंतर करून घेऊ, असं घरचे म्हणाले, आणि मी गप्प बसले. पावसाळा गेला. पुढच्या दिवाळीत मी पुन्हा त्या खोलीत गेले तेव्हा गणपतीची सोंड आणि अर्धा चेहरा खाली फरशीवर गुलाबीसर भुकटी होऊन पडला होता. ती भुकटी मी पाकिटात भरून आणली, अजून माझ्याकडे आहे. तेव्हापासून माझा नियम एकच: छत दुरुस्त होऊन एक पूर्ण पावसाळा कोरडा गेल्याशिवाय मी चुन्याला हात लावत नाही. तुम्ही दुसऱ्या कोणाकडून काम करून घेतलंत तरी हा आग्रह तुम्ही धरा.

आता ॲसिडबद्दल. चुनकळी भिजवून केलेला चुना भिंतीवर लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत घट्ट होतो आणि पुन्हा चुनखडीच होतो. वरचे पांढरे हात चुनखडी, आणि चित्र ज्यावर काढलंय तो नितळ गिलावाही चुनखडीच. ॲसिडला या दोघांत फरक कळत नाही. ते फसफसत वरचा चुना खातं आणि त्याच झपाट्यात खालचा गिलावाही खातं. शिवाय जुना हिरवा रंग जंगालाचा, म्हणजे तांब्यापासून केलेला असेल, तर तो ॲसिडमध्ये विरघळूनच जातो. धुतल्यावर तासाभर भिंत ओली असताना रंग अगदी झळाळतात. रंगारी तेवढंच बघतो आणि पैसे घेऊन जातो. वाळल्यावर काय उरतं ते तुम्हाला बघायचं असतं.

नुसतं पाणीही चालणार नाही, आणि इथे माझं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. भिंतीवर चित्र काढायच्या ढोबळ मानाने दोन पद्धती. गिलावा ओला असतानाच रंग भरला तर चुना रंगाला स्वतःत बांधून घेतो. राजस्थानात अशी भरपूर कामं आहेत आणि ती पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. दुसरी पद्धत म्हणजे वाळलेल्या गिलाव्यावर डिंक किंवा सरस घालून रंग लावायचा. आपल्याकडच्या घरांमध्ये मी जे हाताळलं ते बहुतेक या दुसऱ्या प्रकारचं. डिंकातला रंग ओल्या बोळ्याने निघतो. एकदा एका ओळखीच्या घरी मालकांनी कौतुकाने ओल्या रुमालाने चित्राची धूळ पुसली आणि रुमाल निळा झाला. तुमचं चित्र कुठल्या पद्धतीचं आहे हे फोटोवरून सांगता येत नाही. तिथे येऊन, झुलीच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेवर, भिंगाखाली तपासावं लागतं. तोवर पाण्याचा थेंबही नको.

पुट्टीबद्दलही तितकंच ठाम सांगते. सिमेंटची वॉल पुट्टी आणि त्यावर प्लास्टिक पेंट म्हणजे भिंतीचं तोंड बंद करणं. पाणी बाहेर पडू शकत नाही, ते मागे साठतं आणि दोन-तीन वर्षांनी पापुद्रा सुटतो तेव्हा सोबत चित्राचा रंग घेऊन सुटतो. तुमच्या दिरांना खोली बंदच ठेवायची असेल तर साधा चुना लावा, चुना परत काढता येतो. तोही उघड्या झालेल्या घोड्यावर नको, तेवढी जागा आहे तशी सोडा. फेविकॉल, वॉर्निश, केसांचा स्प्रे यातलं काही "रंग पक्का करायला" कोणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा.

मग या आठवड्यात तुम्ही काय करू शकता? पुष्कळ.

रात्री खोलीतले दिवे बंद करा आणि मोबाईलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरका धरा. उजेड भिंतीवरून घसरत गेला की दिवसा न दिसणारं सगळं उठून येतं: सुटलेले फुगवटे, बुजवलेल्या खिळ्यांची भोकं, जुन्या दुरुस्तीच्या कडा. बरेच चितारी आधी टोकदार काडीने आकृतीची रेघ गिलाव्यात दाबून घेत. ती रेघ चुन्याच्या थरांखालूनही कधीकधी सावलीसारखी दिसते. एका घरात मला अशाच टॉर्चमध्ये चुना न काढता अख्खा हत्ती दिसला होता, सोंडेपासून शेपटीपर्यंत. तुमच्या घोड्यावर कोणी बसलंय का, हे कदाचित तुम्हाला याच रात्री कळेल.

फोटो काढताना शेजारी मोजपट्टी धरा, भिंतीला न टेकवता. आधी अख्खी भिंत, मग फूटभर अंतरावरून तुकडे. भिंतीचा साधा नकाशा कागदावर काढा, खिडकी, कोनाडा, तुळई दाखवा आणि कुठला फोटो कुठला ते लिहा. मग बोटाच्या पेराने अगदी हलकं वाजवून बघा, फक्त चुना शाबूत असलेल्या जागी. भरीव आवाज आला तर गिलावा विटेला धरून आहे. बद्द, पोकळ आवाज आला तर तो सुटलाय, तिथे पेन्सिलने खूण भिंतीवर करू नका, नकाशावर करा. रंगाऱ्याने खरवडलेले तुकडे केरात गेले नसतील तर गोळा करा. कागदाच्या पाकिटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतो. पाकिटावर लिहा: खिडकीच्या उजवीकडे, जमिनीपासून अमुक फूट, तारीख. त्या तुकड्यांच्या मागच्या बाजूला चित्राचा रंग चिकटून आलेला असू शकतो.

नंतर वर चढा. त्या कोपऱ्याच्या वर काय आहे? कौलं असतील तर सरकलेली, धाबं असेल तर पाणी साचणारं, शेजारच्या घराचा पन्हाळ तुमच्या भिंतीवर उतरत असेल, किंवा वरच्या न्हाणीचा पाइप भिंतीतून गेलेला असेल. पाइपची ओल उन्हाळ्यातही राहते, छताची पावसानंतर हळूहळू वाळते. हा फरक तुम्ही नुसत्या डोळ्यांनी ओळखू शकता. भिंतीच्या पायथ्याशी कोणी सिमेंटचा पट्टा मारला असेल तर तेही बघा. खालची ओल सिमेंटमधून बाहेर पडू शकत नाही आणि वर वर चढते. दुरुस्तीला कडिया बोलवाल (बडोद्यात आपण गवंड्याला कडियाच म्हणतो) तेव्हा त्याला आधी विचारा, चुन्यात काम केलंय का. चुन्याचं काम पावसाळा संपल्यावर, हिवाळ्याच्या महिन्यांत चांगलं होतं. कडक उन्हाळ्यात चुना धरण्याआधीच वाळून तडकतो.

आता चित्र उघडण्याचं, कारण ते बघायची तुमची ओढ मला समजते. ती मलाही असते, दर वेळी. आम्ही आधी दोन सेंटिमीटरच्या चौकोनी खिडक्या उघडतो, भिंतीवर पाच-सहा ठिकाणी. स्काल्पेलने एकेक थर पायऱ्यांसारखा मागे ठेवत जायचं, म्हणजे खिडकीच्या कडेला सगळ्या थरांचा जिना दिसतो. वर प्लास्टिक पेंट, मग डिस्टेंपर, मग नीळ घातलेला निळसर चुना, मग पिवडी म्हणजे पिवळी माती घातलेला, मग पांढरा, पांढरा, पांढरा, शेवटी रंग. तुमच्या रंगाऱ्याला दिसलेला हिरवा डाग चित्राचाच असेल असं नाही, मधला एखादा हिरवा डिस्टेंपर असू शकतो. घोड्याच्या पायाची रेघ मात्र कुंचल्याची आहे, यात मला शंका वाटत नाही. या खिडक्यांमधून चित्र कुठपर्यंत पसरलंय, कुठे पुसलंय, वरचा चुना सहज सुटतो की रंगाला घट्ट धरून बसलाय, हे कळतं. चुना रंगापेक्षा घट्ट असेल तर मी उघडायला नाही म्हणते. अशा वेळी खिडक्या तेवढ्या ठेवायच्या, नोंद करायची आणि बाकी भिंत चुन्याखाली राहू द्यायची. हाही चांगला निर्णय असतो. उघडायचं ठरलं तर काम तळहाताएवढ्या जागेला दिवसभर, अशा गतीने चालतं. दिवाळीपर्यंत ते होणार नाही, ताई, आणि कोणी होईल म्हणालं तर त्याला देऊ नका.

चित्र किती जुनं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. रंग, वेश आणि थर तिन्ही मिळून सांगतात. झगझगीत निळा असेल तर तो युरोपात १८२८ च्या सुमारास बनू लागलेला कृत्रिम अल्ट्रामरीन असू शकतो. देवीच्या चेहऱ्यावर छाया-प्रकाश असेल, तर रविवर्म्याच्या छापखान्यातली चित्रं १८९४ पासून निघू लागल्यावरचा प्रभाव असण्याची शक्यता आहे. झूल काळपट झाली असेल तर ती मुळात शेंदराची असू शकेल, कारण शेंदूर हवेत आणि ओलीत काळा पडतो. चित्रावर चुना का फासला असेल, याचं उत्तर बहुतेकदा साधं असतं. दिव्यांच्या काजळीने चित्र काळवंडलेलं असतं, घरात लग्न निघतं, सगळं घर पांढरं करायचं असतं.

अशी चित्रं मुळात कशी दिसत, हे बघायला एखाद्या रविवारी सासूबाईंना झेपलं तर त्यांनाही घेऊन तांबेकर वाड्यात जा. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा हा चार मजली वाडा आता केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. कृष्णाच्या गोष्टी, महाभारत, इंग्रज-मराठे लढाई, आणि त्यांच्या शेजारी युरोपियन पोशाखातल्या बायका, सगळं एकाच वाड्यात नांदतं. सगळं बघून झालं की एक गोष्ट मुद्दाम बघा: चित्रपट्ट्यांमधली वेलबुट्टी. भिंतीच्या कुठल्या उंचीला, कोनाड्याभोवती कशी फिरते, ते लक्षात ठेवून घरी या. बडोद्यातच गायकवाडांच्या स्मारकात, कीर्तिमंदिरात, चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात केलेली भित्तिचित्रं आहेत. तिथला हात आणि विचार वेगळा आहे, पण भिंतीवर एवढं मोठं चित्र कसं बसवतात हे तिथे शिकायला मिळतं. जायच्या आधी आत सोडतात का, तेवढी चौकशी करा.

दिरांच्या भीतीबद्दल. ती मी प्रत्येक घरात ऐकते आणि तिची थट्टा करणं मला बरोबर वाटत नाही, घर हे घर असतं. कायद्याची बाजू अशी आहे. जुन्या स्मारकांबद्दल केंद्राचा १९५८ चा कायदा आहे आणि गुजरातचा स्वतःचा १९६५ चा. एखादी वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जाहीर करायची असेल तर केंद्राला आधी तसा इरादा जाहीर करावा लागतो आणि हरकत घ्यायला दोन महिने मिळतात. संरक्षित जाहीर होणं आणि मालकी जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरातल्या एका भिंतीवर चित्र निघालं म्हणून घर गेलं, असं या सव्वीस वर्षांत मी एकदाही पाहिलेलं नाही. दोन गोष्टी मात्र खरंच सांभाळायच्या. एक, तुमचं घर एखाद्या केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत असेल तर नवं बांधकाम करता येत नाही आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते. त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित असतात. तांबेकर वाड्यापासूनचं तुमचं अंतर मोजून घ्या, छताच्या कामाआधीच. दुसरी, कोणी येऊन "भिंतीचा तुकडा कापून विकत घेतो" म्हणालं तर दार लावून घ्या. शंभर वर्षांवरच्या इमारतीतून सुटा केलेला भाग १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतो आणि तो देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. कापलेला तुकडा घराबाहेर गेला की तो तुमचा घोडा राहतही नाही.

कळवायचं कोणाला? महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे, तिथून भित्तिचित्रं जतन करणाऱ्या चांगल्या माणसाचं नाव मिळू शकतं. इनटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या लोकांनाही विचारा. जो येईल त्याला तीन गोष्टी विचारा: उघडण्याआधी नोंद कशी करणार, वापरलेलं साहित्य पुन्हा काढता येईल का, आणि पाण्याचं काय. तिसऱ्या प्रश्नाला ज्याच्याकडे लांब उत्तर असेल, त्याला काम द्या.

खर्चाचा आकडा मी इथे देत नाही, भिंत न बघता दिलेला आकडा खोटाच असतो. पण छताची दुरुस्ती तुम्हाला तशीही करायची आहे. पैसे मर्यादित असतील तर सगळे तिथे घाला. चित्राला थांबता येतं.

आणि सासूबाईंचं. हे काम या दिवाळीतच करा. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईंची आठवण ही त्या भिंतीइतकीच जुनी आणि नाजूक नोंद आहे. त्या आल्या तेव्हा वरची वेलबुट्टी उघडी होती, म्हणजे वरच्या पट्ट्यावर चुन्याचे थर खालच्यापेक्षा कमी असणार. खिडक्या उघडायची वेळ येईल तेव्हा आम्ही पहिली खिडकी तिथेच घेऊ. त्यांना माडी चढवत असेल तर त्या खोलीत खुर्चीवर बसवा, नसेल तर भिंतीचा मोठा फोटो छापून हातात द्या. वेल कुठून सुरू व्हायची, खिडकीवरून जायची की कोनाड्यापाशी थांबायची, फुलं कुठल्या रंगाची होती, शेवटचा चुना कोणाच्या लग्नात लागला, हे विचारा आणि मोबाईलवर त्यांचा आवाज भरून ठेवा. बोट दाखवतील तिथे फोटोवर लाल पेनाने खूण करा. तो फोटो आणि पाकिटं एकत्र ठेवा, मी येईन तेव्हा आधी ते बघेन.